चिठ्ठी कोणाच्या हाताने निघते?

माझा जन्म १९५० सालच्या डिसेंबरातला. हे का सांगतो, ते पुढे ध्यानात येईल.

१ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे काचेच्या एका मोठ्या बरणीत ३६६ निळ्या कुप्या भरल्या होत्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि सक्तीने सैन्यात कोणी जायचे, हे त्या कुप्या ठरवणार होत्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या सालांत त्या तारखेस जन्मलेल्या सर्व तरुणांचा क्रमांक पहिला लागला. पुढे १९५ क्रमांकापर्यंत बोलावणे गेले. बाकीचे सुटले.

मी तिथे जन्मलो असतो, तर माझीही तारीख त्या बरणीत असती. मी मात्र तेव्हा आळंदीत पाठांतर करीत होतो.

आपण म्हणाल, बुवा, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. मीही कीर्तनात हेच सांगितले असते. पण पुढे जाणकारांनी ते आकडे तपासले. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. त्यामुळे वर्षाअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या. पुढच्या सोडतीला पद्धत सुधारली, पण झालेली सोडत काही रद्द झाली नाही. शिवाय त्या काळी कॉलेजात शिकणाऱ्याला मुदत मिळे. ज्याच्या बापाची ऐपत, त्याचा मुलगा थांबे.

मग यात दैव किती आणि माणसाचा हात किती?

त्या मुलांनी काय केले? कोणी कर्तव्य म्हणून गेले. कोणी शस्त्र न धरता रुग्णालयात सेवा केली. कोणी कॅनडात गेले. कोणी नकार देऊन तुरुंग पत्करला. मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने १९६७ साली धर्माला स्मरून नकार दिला. त्याचे अजिंक्यपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. यांपैकी कोणालाही घरी बसून भ्याड किंवा मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुकोबारायांनी पाइकाचे अभंग लिहिले. पाईक जीव देतो, पण आपला धनी ओळखून, आपखुशीने देतो. आपल्या देशात सैन्यभरतीची सक्ती नाही. साताऱ्याकडची मुले आपणहून रांगेत उभी राहतात. म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे वाटेल.

मलाही तसेच वाटत होते. पण आम्ही दोघे भाऊ. वडिलांनी मला आळंदीला धाडले, दादाला नांगरामागे ठेवले. दादाचा आवाज माझ्यापेक्षा गोड होता. त्याला कोणी विचारले नाही. पन्नास वर्षे मी गळ्यात हार घालून घेतले आणि त्याला विठ्ठलाची इच्छा म्हटले. दादा आता नाही.

देवाची इच्छा असतेच, माउली. पण आपल्या वाट्याला सुख आले की बरणी कोणी ढवळली, हे आपण विचारीत नाही. ज्याच्या वाट्याला ओझे गेले, त्याच्यापुढे प्रारब्धाचे नाव घेण्याआधी एकदा तेवढे विचारावे. आणि तो हयात असेल, तर आजच त्याच्या घरी जाऊन यावे.

रामकृष्ण हरी.