कामाची माया

आमच्या भागात कुठल्याही कंपनीच्या गेटातून आत गेलं की भिंतीवर एक पाटी हमखास दिसते. 'काम हीच पूजा', 'हसतमुखाने काम करा', असलं काहीतरी. भोसरीच्या जुन्या शेडमध्ये ती पेंटरनं रंगवलेली असते, चाकणच्या मोठ्या कंपनीत चकचकीत फ्लेक्सवर. पाटीतलं वाक्य खोटं नसतं. पण पाटी लावणारा एक आणि राबणारा दुसरा, म्हणून ती वाचताना मन जरा अडखळतं. कामावर जीव लावावा, हे मलाही पटतं. पण जीव लावायचा म्हणजे नक्की काय करायचं, आणि ते सांगायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न मला शेतापासून शॉपपर्यंत पुरला.

मी खेड तालुक्यातला. चाकणचं नाव आज लोक गाड्यांमुळं घेतात, पण आमच्या लहानपणी चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार. आमच्या घरी उन्हाळी कांदा असायचा. काढलेला कांदा पातीसकट शेतात पसरायचा, एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे कांदे झाकायचे, म्हणजे उन्हानं पोळत नाहीत. पात वाळली की काटणी. काटताना बोटभर मान ठेवायची. अगदी भिडवून काटलं तर मान उघडी राहते आणि बराखीत कांदा सडतो. शेजारचे दहा कांदे घेऊन सडतो.

दिवस कलला की काटणाऱ्या बायांचे हात दमायचे, विळा भराभर चालायचा. दादा ओरडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "आगं, कांदा आत्ता काय बोलत न्हाई. आखाडात हिशेब देतो." आमची आत्या तर अंधार पडेपर्यंत एकेक कांदा हातात फिरवून बघायची. कुणी तपासायला नसायचं. मजुरी तेवढीच असायची. दादांना 'पॅशन' हा शब्द ठाऊक नव्हता. ते म्हणायचे, "कामावर माया पायजे."

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मायेनं पिकवलेल्या कांद्याला बाजारानं कधी दोन पैसे जास्त दिले नाहीत. भाव पडला की आत्यानं निवडलेला कांदा आणि घाईत काटलेला कांदा एकाच ढिगात पडायचा. मायेनं भाव मिळतो, असं शेतकऱ्याला कुणी सांगू नये. तो हसेल.

मग कारखाने आले. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळावर शेड उठल्या. टेल्कोनं इथं पाय रोवला तेव्हा आधी हत्यारं बनवायची आणि शिकाऊ पोरं घडवायची सोय केली, गाड्या नंतर निघाल्या. गावोगावची पोरं सायकलीनं, एसटीनं शिफ्टला जायला लागली. पुढं कारखाने चाकणच्या कांद्याच्या रानापर्यंत पोचले.

मी आयटीआयला फिटर ट्रेडला होतो. पहिले कित्येक आठवडे एकच काम. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस मारायची. मास्तर गुण्या लावायचे, तुकडा खिडकीच्या उजेडाकडं धरायचे. गुण्या आणि तुकडा यांच्यातून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. हातांना घट्टे पडले, वैताग आला. पण एक दिवस उजेड दिसला नाही. मास्तर काही बोलले नाहीत, तुकडा नुसता बाजूला ठेवला. त्या दिवशी मला आत्याचा कांदा फिरवणारा हात आठवला. काम आधी आवडतं आणि मग चांगलं होतं, असं लोक सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. काम नीट जमायला लागतं, त्यातलं बारीकसारीक दिसायला लागतं, आणि मग ते आवडतं.

नंतर मी एका प्रेस शॉपमध्ये लागलो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच मशीन खाली यावी, म्हणजे हात डायमध्ये सापडत नाही. पण त्यानं नग कमी निघतात. म्हणून तिथं एका बटणात पाचर मारून ठेवलेली असायची. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. कुणी कुरकुर केली की सुपरवायझर म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा रे." लातूरकडून आलेला एक पोरगा होता, मनमिळाऊ, सगळ्यात जास्त नग काढणारा. रात्रपाळीत त्याची दोन बोटं गेली.

त्यानंतर आमच्यातल्या एका जुन्या ऑपरेटरनं, त्यांना सगळे मामाच म्हणायचे, आपल्या प्रेसची पाचर काढून खिशात घातली. बटण नीट करून मिळेपर्यंत ते मशीन बंद करून स्टुलावर बसून राहिले. त्यांना 'निगेटिव्ह माणूस' असा शिक्का बसला. आता हेच मामा रोज पाळी सुरू व्हायच्या आधी मशीन पुसायचे, तेल बघायचे, आवाजावरून सांगायचे की क्लच घसरतोय. त्या शॉपमध्ये कामावर सगळ्यात जास्त जीव त्यांचाच होता. म्हणून तर त्यांनी मशीन बंद केली.

हा सगळा पट्टा दोन तीर्थांच्या मधला. एकीकडं देहू, एकीकडं आळंदी. तुकोबा ज्या भामचंद्र डोंगरावर चिंतनाला बसले, तिथून आज खाली कंपन्यांची छपरं दिसतात. कामात देव बघायची शिकवण आम्हाला कुठल्या ट्रेनिंगमधून मिळाली नाही, ती कीर्तनातून मिळाली. अरणच्या सावता माळ्यांनी मळा हेच पंढरपूर मानलं. त्यांचं लक्ष वाफ्यावर होतं, आणि कथा अशी की देवच त्यांच्याकडं आला. दुसरी कथा तेरच्या गोरोबाकाकांची. नामात देहभान हरपलं, चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं. विठ्ठलानं ते परत दिलं, असं कीर्तनकार सांगतात आणि आपण डोळे पुसतो. ती भक्तीची थोरवी आहे, तिला हात लावायची माझी पात्रता नाही. पण शॉपमध्ये काम करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की प्रेसखाली गेलेलं बोट परत मिळत नाही. आपल्या कामाला भान हरपणारी धुंदी चालत नाही. इथली भक्ती डोळे उघडे ठेवूनच करावी लागते.

आता माझा पुतण्या चाकणला आहे, कंत्राटावर. त्यानं मला सरळ विचारलं, "काका, थोड्या महिन्यांनी मला ब्रेक देणार, दुसरा पोरगा घेणार. शेजारचा परमनंट माणूस तेच काम करतो, त्याला माझ्या कितीतरी पट पगार. मग मी जीव कशाला लावू?"

त्याला मी पाटीवरचं वाक्य ऐकवलं नाही. त्याचा राग बरोबर आहे. ज्याला उद्याची खात्री दिली नाही त्याच्याकडून कंपनीनं प्रेम मागणं, हे मला फुकट बी मागण्यासारखं वाटतं. माया मागून मिळत नाही, तिला रुजायला जागा करून द्यावी लागते. बरा पगार, शाबूत बोटं, शिकायला मिळणं, माणूस म्हणून हाक मारणं, ही ती जागा. हक्कासाठी भांडणारा कामगार कामावर प्रेम करत नाही, असं मानणाऱ्यानं आमचे मामा पाहिले नाहीत.

पण पुतण्याला मी आणखी एक सांगितलं. "तू ब्रेकचे पार्ट बनवतोस ना? तो पार्ट कंपनीच्या मालकाच्या घरी जात नाही. तो जातो कुणाच्या तरी गाडीत. नाशिक रोडला पुढं अचानक ट्रक थांबतो, मागं पोरंबाळं घेऊन कुणीतरी ब्रेक दाबतो. त्याला तुझा पगार ठाऊक नाही, तू कंत्राटी आहेस हे ठाऊक नाही. त्या वेळी त्याच्या कामी फक्त तुझा हात येतो."

तो गप्प बसला. पटलं का, मी विचारलं नाही.

मला वाटतं, कामाची माया म्हणजे मालकाची भक्ती नव्हे. सदा हसरं तोंडही नव्हे. आपल्या हातून निघालेली वस्तू ज्याच्या हाती पडणार आहे, त्या न पाहिलेल्या माणसाची काळजी, ती माया. आत्या कांदा फिरवून बघायची ती आखाडात तो चिरणाऱ्या कुणा बाईसाठी. मामांनी मशीन बंद केली ती पुढच्या पाळीला त्या स्टुलावर बसणाऱ्या पोरासाठी. या काळजीत आपल्या स्वतःच्या बोटांचीही काळजी आली, आणि रास्त मोल मागणंही आलं. झिजलेल्या, उपाशी हातानं दुसऱ्याची काळजी फार दिवस घेता येत नाही.

पुतण्यानं मागच्या महिन्यात शिफ्टमध्ये एक लॉट थांबवला. कडेला बर राहिली होती, गेज नीट बसत नव्हतं. टार्गेट चुकलं, बोलणी खावी लागली. घरी येऊन चिडून सांगत होता. मी विचारलं, "मग पाठवायचा होतास तसाच."

म्हणाला, "तसाच कसा पाठवू?"