ओसरता प्रकाश आणि ऋण

उपकाराची जाणीव कालांतराने मंदावते, हा सर्वांचाच अनुभव आहे. बदली होऊन परप्रांतात आलेल्या कुटुंबाला ज्या शेजाऱ्याने पहिल्या आठवड्यात आधार दिला, त्याची आठवण पुढील दोन बदल्यांनंतर क्वचितच निघते. प्रश्न असा, की भावना ओसरली म्हणजे ऋणही ओसरले काय? आपले आचरण पाहता उत्तर होकारार्थी दिसते. परंतु मंदावणे म्हणजेच संपणे, हे त्यामागचे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

आकाशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेप्पोसॅक्स या उपग्रहाने गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. मूळ झोत मिनिटा-दीड मिनिटात विझला. पण अशा स्फोटामागे रेंगाळणारा प्रकाश त्या वेळी प्रथमच हाती लागला. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेले द्रव्य भोवतालच्या विरळ वायूवर आदळते आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत हा प्रकाश देतात. अधिकाधिक वायू ओढून नेताना त्या द्रव्याचा वेग कमी होतो आणि तेजही उतरते. ढोबळ नियम असा, की काळ दसपट झाला म्हणजे तेज सुमारे दशांश उरते. पहिल्या दिवसाअखेरचे तेज दशांशावर यायला नऊ दिवस लागतात. त्याचा पुन्हा दशांश व्हायला नव्वद. ओसरण्याचा वेगच ओसरत जातो.

ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीला पहिल्या रात्री दिसलेला तो ठिपका ८ मार्चला तिला दिसेना. मात्र वातावरणापलीकडच्या हबल दुर्बिणीने त्याच वर्षी सप्टेंबरातही तो पाहिला. प्रकाश संपला नव्हता. तो पाहण्यास आता अधिक समर्थ साधन हवे होते.

निसर्ग नीती शिकवीत नाही, आणि उपमा म्हणजे पुरावाही नव्हे. तरीही या उदाहरणाने एक भेद स्पष्ट होतो. उपकार ताजा असतो तेव्हा कृतज्ञतेला कष्ट पडत नाहीत. ती आपोआप दाटून येते, म्हणून तिचे श्रेयही थोडेच. भावना क्षीण होते तेथे कर्तव्य सुरू होते. 'आता तसे काही वाटत नाही' हे विधान पुष्कळदा प्रकाशाविषयी नसून पाहणाऱ्याच्या साधनाविषयी असते.

प्रयत्नाने जागविलेली आठवण कृत्रिम नव्हे काय, असे कोणी विचारील. पण मोठी दुर्बीण प्रकाश निर्माण करीत नाही, असलेलाच दाखविते. जुन्या गावच्या त्या शेजाऱ्याला वर्षाकाठी लिहिलेले एक पत्र याहून निराळे काही करीत नाही.