एकास चोवीस प्रमाणातला ‘जय मल्हार’

प्लास्टिकच्या ट्रकमध्ये खरे असे काय असते? इटालेरी किंवा रेव्हेलचे एकास चोवीस प्रमाणातले किट जोडले, की बारा मीटरचे धूड अर्ध्या मीटरवर येते. चाक असते, पण ओझे पेलत नाही. इंजिन असते, पण डिझेल पीत नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात पलंगाची उतरंड लावली आहे. आधी पलंगाचे मूळ रूप, मग सुताराने केलेला पलंग आणि शेवटी चित्रकाराने रंगवलेला, सत्यापासून सर्वांत लांबचा. हा ट्रक त्या उतरंडीत तळालाच बसेल.

त्याच्या कपाळावर ‘जय मल्हार’ लिहिले की मात्र प्लेटोचा हिशेब अडतो.

ही अक्षरे किटमध्ये मिळत नाहीत. तिथले डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील पापुद्रे, बहुधा युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांचे असतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा ट्रक हवा असेल, तर हौशी माणसाला घरच्या संगणकावर बसावे लागते. इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे आखायची, खऱ्या गाडीवरचे बारा सेंटिमीटरचे अक्षर पाच मिलिमीटरवर आणायचे आणि डिकलच्या कागदावर छापायचे. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, म्हणून वरून पारदर्शक लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. खरी पंचाईत पांढऱ्या रंगाची. घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. जपानच्या आल्प्स कंपनीचे एमडी मालिकेतले प्रिंटर पांढरा छापत, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. मग पांढऱ्या डिकल कागदावर केबिनचा लाल रंग छापतात आणि अक्षरांची जागा कोरी सोडतात. थोडक्यात, देवाचे नाव सोडून बाकी सगळे छापले जाते.

कापलेला तुकडा कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवला की वरचा पापुद्रा सुटतो. तो ब्रशने अलगद केबिनवर सरकवायचा आणि त्यावर मऊ करणारे द्रावण लावायचे. पापुद्रा आधी असा सुरकुततो की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. थोड्या वेळाने तोच रिव्हेटच्या बारीक डोक्यांवर चपखल बसतो.

आता ही ‘जय मल्हार’ची प्रतिकृती झाली, की ‘जय मल्हार’च? अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (1968) या पुस्तकात केलेला भेद इथे कामाला येतो. चित्राची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच. कवितेची बिनचूक उतरवलेली प्रत मात्र कविताच असते, मग कागद कोणताही असो आणि अक्षर केवढेही. या न्यायाने ट्रकचा दरवाजा नकली, बंपर नकली, पण नाव अस्सल.

पण शब्द तेच असले म्हणून काम तेच होते का? ‘हॉर्न ओके प्लीज’ घ्या. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2015 मध्ये ते व्यावसायिक वाहनांवर लिहायला मनाई केली. काचेच्या कपाटातल्या ट्रकच्या फाळक्यावर ते खुशाल राहू शकते, कारण तिथे कोणी कोणाला हॉर्न वाजवायला सांगतच नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचे म्हणणे असे, की नटाने रंगमंचावर उच्चारलेले वचन पोकळ असते. नाटकात मंगलाष्टके बिनचूक म्हटली तरी लग्न लागत नाही, तसेच हे.

देवाचे नाव गुडमनच्या बाजूचे की ऑस्टिनच्या? नामभक्तांचे उत्तर भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. अजामिळाने मरताना हाक मारली ती मुलाला; मुलाचे नाव नारायण होते, एवढेच. तरी विष्णुदूत धावून आले. ना हेतू शुद्ध, ना प्रसंग पूजेचा. असे नाव कपाटातल्या ट्रकवर पोकळ कसे ठरेल?

शब्द स्वतःच काम करतो, हा विश्वास आठव्या शतकात जपानच्या सम्राज्ञी शोतोकू यांनी फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. 764 मध्ये झालेल्या एका बंडानंतर त्यांनी वीतभर उंचीचे दहा लाख लाकडी स्तूप करवून घेण्याचा संकल्प सोडला आणि 770 पर्यंत ते काम पुरे झाले. प्रत्येकाच्या पोटात धारणी-मंत्राची छापील गुंडाळी होती. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत तिची गणना होते आणि असे हजारो स्तूप होर्यूजी मंदिरात आजही आहेत. स्तूप ही प्रतिकृती होती, आतला मंत्र नव्हे.

तरीही लहान करण्याला सीमा आहे. एकास सत्त्याऐंशी प्रमाणात खऱ्या ट्रकवरचे पाच सेंटिमीटरचे अक्षर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे होते. 600 डीपीआयच्या प्रिंटरला त्याच्या उंचीसाठी तेरा-चौदा ठिपके मिळतात आणि तेवढ्यात ‘ल्हा’चे जोडाक्षर बुजून जाते. काही जण मग अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघांवर भागवतात. गुडमनच्या कसोटीवर ते नाव राहिले नाही, नावाचे चित्र झाले, आणि प्लेटो पुन्हा आत आला. भक्त यावर म्हणेल, अजामिळाचे उच्चार तरी कोणी तपासले होते?

डिकल फाटणार हे गृहीत धरून एकाच कागदावर नाव चार-पाचदा छापतात. उरलेल्या तुकड्यांचे काय करायचे? ज्यू परंपरेत देवाचे नाव असलेला कागद फेकत नाहीत. जीर्ण पाने गेनिझा नावाच्या कोठडीत ठेवतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या अशा कोठडीत लाखो तुकडे सापडले. संगणकाच्या पडद्यावरचे नाव पुसायला मात्र अनेक रब्बींची हरकत नाही, कारण ते टिकाऊ लेखन नव्हे. मराठी हौशी माणूसही फाइलमधला ‘जय मल्हार’ बिनदिक्कत डिलीट करील, पण उरलेली पट्टी केराच्या डब्यात टाकताना कचरेल आणि निर्माल्याच्या पिशवीत घालील. त्या पट्टीवर नावाच्या जागी तर शाईच नाही. मग निर्माल्य झाले ते नेमके कशाचे?