रंग कोणाचा राखावा?

भेडाघाटच्या नौकाविहाराचे एक छायाचित्र आमच्या भाच्याने परवा आम्हांस दाखविले. नर्मदा करडी, दोन्ही तीरांचे संगमरवरी कडे करडे, नाव करडी, नावाडीही करडा. आणि त्या साऱ्यांत आमच्या भाचेसुनेचे मोरपंखी पातळ तेवढे रंगीत! चित्र देखणे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही प्रशंसेचे शब्द आमच्या ओठांवर येऊन थबकले.

ही किमया कशी साधते, हे त्यानेच समजावून दिले. संगणकावर मूळ चित्राची एक प्रत मूळ चित्रावरच अंथरावयाची, त्या प्रतीतील रंग उतरवावयाचे, आणि जेथे रंग हवा असेल तेवढ्याच जागी वरची प्रत कुंचल्याने पुसून खालचा रंग मोकळा करावयाचा. बाकीचा रंग नाहीसा होत नाही, केवळ झाकला जातो. कागदावर छापल्यावर मात्र झाकलेले आणि नसलेले यांत भेद उरत नाही.

आमच्या आजीच्या कृष्णधवल छायाचित्रावर कोणा रंगाऱ्याने कुंकू लाल आणि लुगड्याचे काठ हिरवे रंगविले होते. काठ अंजिरी होते, असे आमच्या आत्याबाई अखेरपर्यंत सांगत. म्हणजे तो रंगारीही काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हे. तथापि त्याच्या हाती मुळात रंग आलाच नव्हता. यंत्राला जे टिपता आले नाही, ते त्याने आपल्या समजुतीने भरले. आज यंत्र सर्वांचे रंग टिपते आणि आपण ते काढून घेतो.

कोणी म्हणेल, डोळा तरी सारे रंग कोठे पाहतो? खरे आहे. चांदण्या रात्री त्याच कड्यांमधून जाताना डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी मंद उजेडात जवळजवळ निकामी होतात आणि सारे रुपेरी दिसू लागते. परंतु चांदण्याला आप्त नाहीत. नावाड्याचा आणि पाहुण्याचा रंग ते सारखाच हरण करते.

युक्तीलाच दोष द्यावा, असेही नाही. 1993 सालच्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या बहुतांशी कृष्णधवल चित्रपटात एका चिमुकल्या ज्यू मुलीचा कोट लाल दिसतो. त्या गर्दीत जिच्याकडे कोणाचीही दृष्टी गेली नसती, तिच्यावरून ती मग हलत नाही. आमच्या भाचेसुनेकडे तर आमचे लक्ष तसेही होतेच.

हे भाच्याला ऐकवावे म्हणून आम्ही सरसावलो, आणि ओशाळलो. रेल्वेत असोत, उच्च न्यायालयात असोत की तोफगाडीच्या कारखान्यात, बदलीवर येथे आलेल्या आम्हां मंडळींच्या मनात तरी कोणते चित्र असते? गावाकडचे तुळशीवृंदावन, गणपतीची आरास, आंब्याची अढी यांचे रंग लखलखीत. आणि ज्या जबलपुराने आमच्या मुलांना सवंगडी दिले, आमच्या आजारपणात शेजार दिला, ते सारे करडे. बदलीचा हुकूम येईपर्यंतचा मुक्काम म्हणून आम्ही त्यावर ती वरची प्रत अंथरून ठेवलेली.

“मूळ चित्र आहे का रे?” आम्ही विचारले.

“आहे की, मामा,” म्हणून त्याने वरची प्रत बाजूस सारली. पाणी हिरवट होते. नावाड्याच्या खांद्यावर हळदीसारखा पिवळा गमछा होता आणि कड्यांची यमकबद्ध वर्णने ऐकविताना तो हसत होता. त्या नावेत तासभर आम्ही त्याच्यासमोरच बसलो होतो.