पावसाला बोल लावू नकोस

बस इथं. फोन बाजूला ठेव. आज तू ऐकायचंस.

गेल्या ऑक्टोबरात तू गोव्याला निघालास. नेरूळहून उरण, करंजाहून लाँचनं रेवस, मग अलिबाग आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली. सायकलवर सामान लादून, सोबत तंबू घेऊन. मला किती आनंद झाला होता! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू टेम्पोत सायकल टाकून परत. काय झालं विचारलं तर म्हणालास, "सर, हवामानानं घात केला."

हवामानानं? ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सकाळी घाम काढणारं ऊन, दुपारी तीनला सह्याद्रीच्या अंगाला काळे ढग, दिवेलागणीला गडगडाट. परतीचा पाऊस कोकणात असाच येतो. तुझं आजोळ महाडचं. लहानपणापासून तू हा पाऊस बघतोयस. मग यात घात कसला? पाऊस सांगून आला होता. तू तयारी न करता गेला होतास.

काशीदला तंबू लावलास. तो पिशवीतून पहिल्यांदा कधी काढलास? काशीदलाच. घेतला कधी होतास? मार्चमध्ये. सात महिने तो कपाटावर पडून होता आणि तुला एका रविवारी गच्चीवर जाऊन तो उभा करावासा वाटला नाही. खुंट्या वाळूत धरत नाहीत, हे तुला वारा सुटल्यावर कळलं. अरे, पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि ती पिशवी हातभर खोल पुरायची. कितीही वारा येऊ दे, तंबू जागचा हलत नाही. हे मी तुला सांगितलं होतं. तू मान डोलावलीस. तू मान फार छान डोलावतोस.

शिवणीतून पाणी आत आलं. येणारच. झोपायची पिशवी भिजली. भिजणारच, कारण ती नुसती कॅरियरला बांधली होतीस. दहा रुपयांच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली असतीस तर रात्रभर कोरडा झोपला असतास. साठ हजारांची सायकल घेतलीस आणि दहा रुपयांच्या पिशवीचा कंटाळा केलास. त्यात तंबू नारळाखाली! वाऱ्यात झावळी कोसळते, नारळ पडतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जवळच्या कुठल्याही घरी "रात्रीपुरतं टेकू का" म्हणून विचारलं असतंस, तर पडवी मिळाली असती. तेवढं विचारायलाही तुला लाज वाटली.

आणि भरतीची वेळ? बघितली होतीस? तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर, भरतीची वेळ ढोबळमानानं निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोळ्याच्या पोराला हे हिशेब तोंडपाठ असतात. तू इंजिनिअर आहेस.

तयारी म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही असं नाही. म्हणूनच चीड येते. रविवारी पामबीचवर वाशीहून किल्ला जंक्शनपर्यंत जायचं, मिसळ हाणायची, फोटो टाकायचा, याला तू सराव म्हणतोस. सपाट, गुळगुळीत रस्ता, रिकामी सायकल. पंधरा किलो सामान बांधून खारघरची टेकडी एकदा तरी चढलास? उतारावर ओले ब्रेक किती उशिरा लागतात, बघितलंस? दापोलीच्या चढाला लागल्यावर ते कळून काय उपयोग?

मग पुढं काय केलंस? डिसेंबरात भावाचं लग्न. फेब्रुवारीत ऑफिसचं काम. मार्चपासून ऊन. आता म्हणतोस, पाऊस आला, पावसाळा संपला की बघू. म्हणजे वर्षाचे बारा महिने तुझ्या विरुद्ध कट करून बसलेत? तुला कुठला महिना हवा आहे? तेरावा?

१५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगाला वळसा घालायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये तो पुरा करून आले. वाळवंट पाहिलं, बर्फ पाहिला. हवामानाचा अंदाज सांगणारा फोन कुणाच्याही खिशात नव्हता. ते जुनं वाटत असेल तर आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी घे. २०१८ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात बर्फात रात्री काढल्या. तुला काशीदच्या एका सरीनं परत पाठवलं.

थांब, उलटा अर्थ काढू नकोस. वीज कडाडत असताना सायकल मार, असं मी म्हणत नाही. हवामान खात्यानं रायगडला रेड अलर्ट दिला, तर घरी बसायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती जागा तुझ्या घरापासून लांब नाही. जुलैत घाटात तंबू ठोकणारा माझा विद्यार्थी नव्हे. ओल्या अंगानं वाऱ्यात बसलास तर सह्याद्रीतही माणूस गारठून आडवा होतो. विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलंय, फुकट आहे. ते उघडून, आभाळ बघून, शाळेच्या व्हरांड्यात चार तास थांबलास तर मी तुझी पाठ थोपटीन. पण तू थांबला नाहीस. तू पळालास. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, हे तूच सांगितलंस. ऊन पडलं होतं. दोरीवर सामान टाकलं असतंस तर दुपारपर्यंत वाळलं असतं. आगरदांड्याला जंगलजेट्टीत सायकल चढवून दिघीला उतरला असतास, संध्याकाळी दिवेआगरला असतास. तू टेम्पो शोधलास.

तुझ्या पायांत ताकद आहे, मी बघितलीय. पनवेलहून कर्नाळ्याच्या चढाला तू मला मागं टाकलंस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी एवढं बोललोही नसतो.

शनिवारी सकाळी सहाला तंबू घेऊन माझ्या गच्चीवर ये. तू उभा करायचास, मी हात लावणार नाही. पाऊस नसला तर नळाचा पाइप आहे. तासभर पाणी मारीन, तू आत बसायचंस. कुठून गळतंय ते खडूनं लिहायचं. शिवणीला लावायचा गोंद मी आणून ठेवलाय.