आडनावाचे स्पेलिंग आणि घराण्याचा माग

पणजीला मिरामारच्या बाजूस धेंपे महाविद्यालय आहे. १९६२ साली ते सुरू करणाऱ्या घराण्याचे नाव उद्योगजगतात मात्र ‘डेंपो’ असे घेतले जाते. मराठीत धेंपे, कोकणीत धेंपो आणि पोर्तुगीज लेखनातून आलेले डेंपो, असे हे एकाच आडनावाचे तीन अवतार. हे घराणे साऱ्या गोव्याला ठाऊक आहे, त्यामुळे कुणाचा घोटाळा होत नाही. पण ज्यांच्या आडनावामागे कारखाना किंवा कॉलेज उभे नाही, त्यांच्या दोन कागदांत एवढाच फरक निघाला, तर ‘ही माणसे वेगळी’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. पूर्वजांचा शोध पुष्कळदा तिथेच खुंटतो.

गोव्यातल्या जुन्या नोंदी वाचायच्या, तर आधी लिहिणाऱ्याचे कान समजून घ्यावे लागतात. पोर्तुगीज कारकुनाला ‘के’ हे अक्षर परके होते. ‘क’साठी तो ‘सी’ वापरी, नाहीतर ‘क्यू’ला ‘यू’ जोडी. ‘श’साठी ‘एक्स’. त्यामुळे बोरकर ‘सी’ने लिहिले गेले, नाईकांच्या शेवटी ‘क्यू’ आला, केणी ‘क्यू’पासून सुरू झाले आणि शंकर ‘एक्स’च्या पानावर जाऊन बसला. त्याच घरातला कुणी नोकरीसाठी मुंबईला गेला, की तिथल्या इंग्रजी दप्तरात त्याला ‘के’ मिळे. दोन राज्यांच्या दोन लेखनपद्धतींमुळे एका घराच्या दोन शाखा कागदावर अनोळखी होऊन बसतात.

गोव्याच्या पुराभिलेखागाराची धुरा वाहिलेले इतिहासकार पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांचेच नाव पाहावे. त्यांच्या पोर्तुगीज ग्रंथांवर ते ‘पांडुरोंगा’ असे छापलेले आहे. त्या ‘रों’मध्ये कोकणीतला ‘अ’ आहे, ओकडे झुकणारा, ओठ गोल करून उच्चारला जाणारा. परक्या लिपीने इथे स्थानिक उच्चार जपून ठेवला आहे. त्यांच्या पूर्ण नावाच्या मधोमध ‘शेणवी’ आहे, तोही पोर्तुगीजांच्या ‘सिनाय’ या रूपात. हीच उपाधी कोकणीत शणै होते आणि मंगळूर-केरळकडे शेणॉय. आडनावातून सत्तरीतले पिसुर्ले गाव सरळ डोकावते. म्हणजे एका नावात गाव आहे, समाज आहे, बोली आहे आणि राज्यकर्त्याची लिपीही आहे. वंशाचा शोध घेणाऱ्याला याहून जास्त काय हवे? ‘चुकीचे स्पेलिंग’ म्हणून ज्याकडे पाहिले जाते, तोच खरे तर हाती आलेला पुरावा असतो.

आडनावच पुसले गेले असेल, तर प्रश्न आणखी कठीण होतो. सोळाव्या शतकात बारदेश-साष्टीत धर्मांतरे झाली, तेव्हा नव्या ख्रिस्त्यांना पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले, तर एकाचा फर्नांडिस होई, दुसऱ्याचा रॉड्रिग्ज. आज आडनाव एक असले म्हणून नाते निघत नाही आणि वेगळे असले म्हणून तुटत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांची कोमुनिदाद. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने १५२६ च्या सनदेत या गावसंस्थेचे रिवाज लिहून काढले. गावकरांचे वांगड वंशपरंपरेने चालत आणि जोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, त्या हक्कानेच मिळे. धर्म बदलला, आडनाव बदलले, तरी वांगड तोच राहिला. हिंदू घराण्यांना कुलदैवताची वाट सापडते. धर्मांतरांच्या त्या काळात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली आणि भक्त कुठेही विखुरले, तरी नवस फेडायला तिथेच येत राहिले.

या वाटा सगळ्यांसाठी खुल्या नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. गावकरांच्या याद्या पुरुषांच्या आहेत, त्यांत लेकीसुना नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहिलेला मुंडकार किंवा शेतात राबणारा मजूर त्या वहीत सापडणार नाही. त्यांच्यासाठी जन्माची किंवा बाप्तिस्म्याची एखादी ओळ हाच सारा इतिहास असतो. म्हणून तिच्यातले प्रत्येक अक्षर मोलाचे आहे.

नेमकी हीच अक्षरे आज धोक्यात आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते. त्यासाठी आजोबांच्या जन्मनोंदीपासून नातवाच्या पासपोर्टपर्यंत नाव जुळवावे लागते. मग प्रतिज्ञापत्रे, वकील, ‘दुरुस्ती’चे अर्ज सुरू होतात. कुटुंबांचा यात दोष नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि खिडकीपलीकडच्या माणसाला एकच स्पेलिंग हवे असते. पण जुनी नोंद आजच्या रूपाबरहुकूम बदलली, की तिच्यातला उच्चार जातो, कधी गावही जाते. पुढच्या पिढीला मग गुळगुळीत कागद मिळतो, त्यावरून मागे जाता येत नाही.

उपाय जुन्या वह्यांतच आहे. पोर्तुगीज नोंदवहीत जन्माच्या मूळ नोंदीला हात न लावता विवाहासारख्या पुढच्या घटना समासात टिपून ठेवत. नावाच्या बाबतीतही तेच करावे. मूळ रूप जसेच्या तसे ठेवावे, शेजारी आजचे रूप लिहावे, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा निबंधकाचा दाखला सरकारी कामासाठी पुरेसा मानावा. संगणकावर नोंदी चढवतानाही दोन्ही रूपांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. तसे झाले, तर नातवाला पासपोर्टच्या रांगेत अडचण येणार नाही आणि ‘एक्स’च्या पानावरचा शंकरही त्याच्या पणतीला शोधता येईल.