मोकळे रान

आमच्या पिंगळीत 'रान' या शब्दाला एक अर्थ जास्तीचा आहे. पुस्तकातले रान म्हणजे अरण्य. त्यात झाडी, झरे आणि श्वापदे असायची. आमचे रान म्हणजे शेत. 'मालक कुठे आहेत?' असे विचारले की घरातून उत्तर येते, 'रानात गेलेत.' परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. चहूकडे काळी, सपाट जमीन. कापूस, तूर, सोयाबीन, जोंधळा. सावलीला एखादा लिंब, एखादी बाभूळ. अरण्य म्हणावे असे डोळ्यांना काही दिसत नाही. तरीही शेताला रान म्हणणारे आमचे लोक चुकतात असे मला वाटत नाही. पेरलेले माणसाचे खरे. पण रात्री तिथे रानडुकरे येतात, रोही येतात, धुऱ्याच्या बिळात घोणस असते, आणि वीज पडायची ती मालकाला विचारून पडत नाही. नांगर फिरला म्हणून जमीन काही पाळीव होत नाही!

हे सारे सुचायला कारण झाली माझी नात. ती पंधरा वर्षांची आहे. अलीकडे तिला एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्यांची गोडी लागली आहे. त्यांत एक वयात येणारी मुलगी असते, एक म्हातारा आजोबा असतो आणि माणसांची वस्ती मागे टाकून दोघे रानात गेलेली असतात. आजोबा तिला वाट ओळखायला शिकवतो, विस्तव करायला शिकवतो. आणि कधीतरी असा प्रसंग येतो की त्याचे चालत नाही, पुढची वाट तिलाच काढावी लागते. एक पुस्तक मिटवून ती मला म्हणाली, "आबा, या गोष्टींत नेहमी आजोबाच का असतो? बाप का नसतो?"

मुले असे प्रश्न सहज टाकून खेळायला निघून जातात. आपण मात्र रात्रभर कूस बदलत राहतो.

या गोष्टींची आजी शोभावी अशी एक गोष्ट १८८० साली प्रसिद्ध झाली. जोहाना स्पायरी या स्विस लेखिकेची 'हायडी'. पोरक्या पाच वर्षांच्या हायडीला तिची मावशी आल्प्सच्या डोंगरावर एकट्या राहणाऱ्या, गावाशी उभा दावा मांडलेल्या आजोबाच्या स्वाधीन करून निघून जाते. म्हातारा तिला फारसे काही शिकवत नाही. गवताच्या माळ्यावर अंथरूण घालू देतो आणि शेळ्यांमागे डोंगरावर जाऊ देतो. 'जाऊ देतो' हे त्याचे सगळ्यात मोठे काम. पुढे तिला फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात नेतात. तिथे खाण्यापिण्याची ददात नसते, पण पोर झुरते, झोपेत चालू लागते. आणि डॉक्टर औषध सांगतो ते एवढेच, की हिला परत डोंगरावर पाठवा.

आमच्याकडे म्हातारपण आणि रान यांची सोयरीक फार जुनी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे : अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य पाहिले, की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. गंमत पाहा, नातवंडाचे तोंड दिसले की निघायचे! म्हणजे ज्या क्षणी माणूस आजोबा होतो, त्याच क्षणी तो रानाचा होतो. पण नातवंडाला बरोबर न्यावे असे मात्र कोणी सांगितले नाही. गो. नी. दांडेकरांचा बुधाही मुंबई सोडून राजमाचीच्या रानात परततो तो एकटाच.

नातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले. बाप हा संसाराच्या ऐन मध्यावर उभा असतो. त्याला सावकाराला, सोयऱ्याला आणि पारावर बसलेल्या चार माणसांनाही उत्तर द्यायचे असते. मुलगी उशिरा घरी आली तर पहिला प्रश्न त्याला विचारला जातो. आजोबा या हिशेबातून बाहेर पडलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. हे म्हातारपणाचे दुःख खरे, पण तीच त्याची मोकळीकही आहे. ज्याला लोकांचे भय उरले नाही, तोच दुसऱ्याला निर्भय होऊ देऊ शकतो.

अशी मोकळीक देणारा एक म्हातारा आमच्या परंपरेतही होऊन गेला आहे. तो कण्व. शकुंतला त्याची मानलेली मुलगी. आश्रमातल्या हरणांबरोबर वाढलेली. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा कण्व सोमतीर्थाला गेलेला असतो, आणि जाताना पाहुण्यांच्या आगतस्वागताचा भार त्याने शकुंतलेवर सोपवलेला असतो. घरात तरणी मुलगी. तिला कुलूपबंद करून तो गेला नाही, आश्रम तिच्या हाती देऊन गेला. परतल्यावर त्याने तिचा निर्णय ऐकला आणि तिला आशीर्वाद दिला. पुढे तिच्या वाट्याला जे आले ते आपण सारे जाणतो. पण महाभारतातली शकुंतला भर दरबारात राजाला खडे बोल सुनावते, ते बळ तिने कुठल्या राजवाड्यात मिळवले नव्हते.

मग कण्वानंतर आमच्या मुलींचे रान गेले कुठे? उत्तर कडू आहे. ज्या वयात गोष्टीतली मुलगी आजोबाबरोबर डोंगर चढते, त्या वयात आमची मुलगी सासरी असायची. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, इथे तो लागूही नव्हता. पुढे १९७८ साली हे वय १८ झाले. आणि तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आमच्या परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाचात एक आहे. तेरा ते अठरा ही वर्षे गोष्टींत फार मोठी असतात. आमच्याकडे अर्ध्या मुलींना ती धडपणे मिळतच नाहीत.

हा आकडा परक्यांचा आहे अशी माझी समजूत राहू नये म्हणूनच की काय, यंदा पोळ्याच्या सुमारास आमच्याच घरी एक स्थळ चालून आले. मुलगा कमावता, घर खाऊनपिऊन सुखी. "आत्ता फक्त शब्द द्या, लग्न सवडीने करू," असा निरोप. माझा मुलगा वाईट माणूस नव्हे. पोरीवर त्याचा जीव आहे. तो म्हणाला, "आबा, दिवस कसे आहेत ते तुम्ही पाहताच. ती एकटी रानात जाते, पांदीनं सायकल दामटते. काही कमीजास्त झालं तर? एकदा चांगल्या घरी पडली की आपण मोकळे."

त्याचे भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही. रानात साप आहे, विहिरीला कठडा नाही, आणि सापाहून वाईट माणसेही वाटेवर भेटतात. ज्यांना मुलगी नाही त्यांनी या भयाला हसू नये. पण मी त्याला एकच विचारले, "मोकळे कोण? तू की ती?"

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. धोका दोन प्रकारचा असतो. एका धोक्याला आपण मुलाला तयार करून पाठवतो आणि ते परतेपर्यंत दारात उभे राहतो. दुसऱ्या धोक्याला आपण त्याला सोपवतो आणि दार लावून घेतो. पहिल्यात धास्ती आपल्या वाट्याला येते, दुसऱ्यात ती मुलाच्या वाट्याला जाते. मी नातीला काठी आपटत चालायला शिकवले, आभाळ गडगडले की झाडाखालून निघायला शिकवले, माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायला शिकवले. ती जागलीला माझ्याबरोबर येते तेव्हा डुकराची चाहूल माझ्याआधी तिला लागते. हे रान तिला ठाऊक आहे. पण पंधराव्या वर्षी परक्या घरात, परक्या माणसांत, शाळा सोडून, अंगात पुरते बळ यायच्या आत बाळंतपणाला सामोरे जायचे. त्या रानाची वाट तिला कोणी दाखवली आहे? त्यातून ती परतली तर दारात कोण उभे असेल? आपण त्याला सुरक्षित म्हणतो, कारण त्याला भिंती आहेत. सुरक्षित झालेलो असतो ते आपण. आपल्या काळजीचा भार तिच्या डोक्यावर ठेवून.

यावर कोणी म्हणेल, मग काय मुलींनी शेतातच राहायचे? तसेही नव्हे. हायडीच्या आजोबाने आधी तिला शाळेत पाठवायचे साफ नाकारले होते. डोंगराचे सुख त्याने तिच्यासाठी राखले, पण अक्षर तिला फ्रँकफुर्टला जाऊन शिकावे लागले. ती परत आल्यावर म्हाताऱ्याने काय केले? ज्या गावाचे तोंड पाहायचे नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती, त्याच गावात तो हिवाळ्यापुरता बिऱ्हाड करून राहिला, नातीला शाळेत जाता यावे म्हणून. मला त्या कादंबरीतला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. नातीला रानात नेणे सोपे. तिच्यासाठी आपल्या हट्टाच्या डोंगरावरून खाली उतरणे कठीण.

आमच्या घरी त्या स्थळाला 'नाही' असा निरोप गेला. मुलगा आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका सकाळी तो सायकलची साखळी बसवत बसलेला दिसला. त्याने तिला ब्रेक घट्ट करून दिले, पांदीतल्या खड्ड्याची जागा सांगितली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. नातीचा प्रश्न मला आठवला. या गोष्टींत बाप का नसतो? तो असू शकतो. फक्त पारावरच्या चार माणसांकडे त्याला घटकाभर पाठ करावी लागते.

आता दिवाळीच्या सुटीत घरोघरी नाती आजोळी आल्या असतील. फराळाचे ताट पुढे करून आपण त्यांना विचारतो, 'किती मार्क पडले?' त्याऐवजी एखाद्या सकाळी 'चल, रानात जाऊ' म्हणून पाहा. धुऱ्यापर्यंत बोट धरा. पुढची वाट तिला पुढे चालू द्या, आणि आपण दहा पावले मागे राहा. ती दहा पावले फार लांब वाटतात, हे मी अनुभवाने सांगतो.